टनामागे चारशे : आपण भरलेला, पण कधी न दिसलेला कार्बन कर

भारतात पंधरा वर्षं कार्बन कर होता आणि तो तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भरला. नागपूरला घरच्या गप्पांत मी हे एकदा बोलून गेलो, तर समोरून लगेच प्रश्न आला, "बिलात कुठे दिसतो?" महावितरणचं बिल काढून पाहिलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कार्बन हा शब्द कुठेच नाही. असणारही नव्हता. तो कर दीडशे किलोमीटर लांब, चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतून माल बाहेर पडतानाच लागलेला होता. टनामागे ४०० रुपये.

सुरुवात २०१० ची. प्रणव मुखर्जींनी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात 'स्वच्छ ऊर्जा उपकर' आणला. देशातल्या आणि आयात केलेल्या कोळशावर टनाला ५० रुपये. २०१४ मध्ये त्याचे १०० झाले, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. सरकार बदललं तरी दर चढतच राहिला. मोर्चा नाही, रास्ता रोको नाही, चॅनेलवर आरडाओरड नाही. अर्थशास्त्रज्ञांना कार्बनवर असाच चढत जाणारा दर हवा असतो, आणि तो जगात फार थोड्या देशांना जमला आहे. आपल्याला जमला, कारण तो कोणाला दिसला नाही. मात्र न दिसण्याची किंमतही होती.

मुळात धुराला दाम लावायचा कशासाठी? केंब्रिजमधले अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली हे नीट मांडलं. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो, काजळी शेजाऱ्यांच्या घरांवर बसते. धुण्याचा, रंगाचा, औषधपाण्याचा खर्च शेजारी करतात. मालकाच्या चोपडीत तो खर्च येतच नाही, म्हणून त्याला त्याचा माल आहे त्याहून स्वस्त वाटतो आणि तो जास्त बनवतो. आपल्याकडे म्हणतात, खाई त्याला खवखवे. इथे खाणारा एक आणि खवखव भलत्याच्या घशात. पिगूंचा उपाय असा, की नुकसानीएवढा कर लावा आणि खवखव खाणाऱ्याकडे परत पाठवा. मग तो स्वतःच ठरवेल, किती खायचं.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत शेजारी म्हणजे सगळं जग, शिवाय अजून न जन्मलेली माणसं. तेवढा फरक सोडला तर गणित तेच.

आता एक टन कोळसा जवळून पाहू. आपल्याकडचा कोळसा राखेने भरलेला असतो. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राखच उरते. त्यात कार्बन साधारण चाळीस टक्के धरू, म्हणजे टनात ४०० किलो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतून ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो आणि वजन वाढतं. १२ किलो कार्बनचा ४४ किलो वायू होतो. म्हणून ४०० किलो कार्बनमधून जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. टनभर कोळशातून दीड टन वायू ऐकायला विचित्र वाटतं, पण वरचं वजन हवेतलंच असतं.

दीड टन वायूवर ४०० रुपये, म्हणजे टनभर वायूला सुमारे २६५ रुपये. डॉलरमध्ये तीन-सव्वातीन. हा होता भारताचा कोळशावरचा कार्बन दाम.

शेजारी पेट्रोल ठेवून बघा. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो वायू निघतो. २०२५ मध्ये मुंबईत लिटरमागे केंद्र आणि राज्याचे मिळून चाळीसहून अधिक रुपये कर होता. भागाकार केला की टनाला सतरा हजारांच्या वर जातो. वायू तोच, आकाश तेच. स्कूटरवाला सतरा हजारांच्या दराने भरत होता आणि औष्णिक केंद्र २६५ च्या. पेट्रोलवरचा कर हवामानासाठी लावलेला नाही, तो तिजोरीसाठी आहे, त्यात रस्त्यांचा आणि कोंडीचाही हिशोब आहे, हे खरं. तरी पिगूंच्या वर्गात हा ताळेबंद नापास होईल. कुठूनही निघालेल्या टनाला एकच दाम असला, तरच जिथे कपात सर्वांत स्वस्तात होते तिथे ती आधी होते. दामाची सगळी करामत एवढीच आहे. कोणत्या भट्टीत काय बदलायचं हे मंत्रालयातल्या साहेबाला माहीत नसतं. भट्टीवाल्याला असतं. दाम त्याच्या माहितीला कामाला लावतो.

दाम किती असावा, यावर मात्र थक्क व्हावं इतका मतभेद आहे. अमेरिकी सरकारचंच उदाहरण घ्या. टनभर वायूने होणाऱ्या नुकसानीचा त्यांचा आकडा ओबामांच्या काळात चाळीसेक डॉलर होता, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तो एक ते सात डॉलरवर आला, आणि बायडन यांच्या काळात पर्यावरण खात्याने तो १९० केला. विज्ञान चार-चार वर्षांनी उलटंपालटं होत नाही. बदलल्या त्या मुख्यतः दोन गोष्टी. एक, नुकसान फक्त अमेरिकेचं मोजायचं की जगाचं. दुसरी, उद्याच्या रुपयाला आज किती मोजायचं.

ही दुसरी गोष्ट कळली की हवामानाच्या अर्थशास्त्रातलं निम्मं भांडण कळतं. शंभर वर्षांनी एक लाख रुपयांचं नुकसान होणार आहे. ते टाळायला आज किती खर्च करावा? वर्षाला २ टक्के सूट दर धरला, म्हणजे पुढची रक्कम दर वर्षामागे २ टक्क्यांनी कमी मोलाची मानली, तर उत्तर येतं सुमारे १३,८००. ३ टक्के धरला, तर ५,२००. आणि ७ टक्के धरला, तर ११५ रुपये. एवढ्यात चौघांचा चहा-वडापाव होईल फक्त. दरातले पाच टक्के इकडेतिकडे झाले की पणतू-खापरपणतूंचं नुकसान शंभरपटीहून जास्त आकसतं. दर कोणता घ्यावा हा अर्थशास्त्राइतकाच नीतीचा प्रश्न आहे. सातचा आकडा शांतपणे टाकणाऱ्यांनी आपण काय ठरवतोय ते मोठ्याने म्हणावं, एवढीच माझी तक्रार.

मग चारशेने काय केलं?

एक युनिट वीज बनवायला आपल्या केंद्रांत साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनाला चारशे म्हणजे किलोला चाळीस पैसे, म्हणजे युनिटमागे अठ्ठावीस पैसे. हे पैसे केंद्राने आपल्या खिशातून दिले नाहीत. ते इंधनाच्या खर्चात धरले गेले, खर्च महावितरणकडे गेला, तिथून वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने आपल्या दरात उतरला. त्यात गैर काही नाही. दाम पुढे सरकायलाच हवा, तरच विजेचा खरा खर्च वापरणाऱ्याला कळतो. प्रश्न इतकाच, की तो वाटेत कुठे अडकतो.

दोन ठिकाणी अडकला. पहिलं, कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र. तिथे रोज कोणतं केंद्र किती चालवायचं ते मेरिट ऑर्डरने ठरतं, ज्याचा युनिटमागचा बदलता खर्च कमी तो आधी. उपकराने कोळशाची सगळीच केंद्रं सारख्या पैशांनी महागली, त्यामुळे त्यांची आपापसातली रांग फारशी हलली नाही. जुने संच युनिटमागे जास्त कोळसा खातात, ते किंचित मागे गेले असतील. गॅसवरची वीज इतकी महाग की अठ्ठावीस पैशांनी ती पुढे यायची शक्यता नव्हती. फरक पडायचा तो नवीन केंद्र उभारताना. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडल्याच्या लिलावात सौर वीज युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आली. अशा अटीतटीच्या शर्यतीत अठ्ठावीस पैसे हे मोठं अंतर असतं. म्हणून उपकराचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण सौर पॅनेल स्वस्त झाले ते मुख्यतः चीनच्या कारखान्यांमुळे, आपल्या उपकरामुळे नाही.

दुसरा अडथळा शेतात. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. त्याआधीही दर नावापुरताच होता. शून्य रुपयांच्या बिलात अठ्ठावीस पैशांचा इशारा कुठे लिहिणार? शेतकऱ्याची वीज स्वस्त ठेवायची तर बोजा उद्योग आणि दुकानदारांवर पडतो, क्रॉस सबसिडी म्हणतात ती हीच. म्हणजे आपल्या वीजदरात कार्बनच्या दामापेक्षा कितीतरी मोठे इशारे आधीपासून उलटसुलट दिशांना ओढत होते. कारखानदार ओपन ॲक्सेसने बाहेरून सौर वीज घ्यायला लागले ते याच चढ्या दराला कंटाळून. पर्यावरणाचा तिथे संबंध असला तर योगायोगाने.

पैसे कुठे गेले

उपकर लावताना सांगितलं होतं, की ह्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहील. २०१०-११ ते २०१७-१८ ह्या काळात कोळशावरून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यातले निधीत पोचले तीस हजार कोटींहूनही कमी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे १६ हजार कोटी. उरलेले देशाच्या सर्वसाधारण गंगाजळीत मिसळले.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ह्या उपकराचं नावही गेलं. चारशे रुपये तेच राहिले, पण पाटी बदलली. आता तो 'जीएसटी भरपाई उपकर', म्हणजे जीएसटीमुळे राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून द्यायचा. पुढे कोविडमध्ये राज्यांना द्यायला केंद्राने जे कर्ज काढलं, त्याच्या फेडीसाठी ह्या उपकराला मुदतवाढ मिळाली. चंद्रपूर-घुग्घुसच्या धुळीच्या नावाने घेतलेला पैसा महसुलाची भोकं बुजवायला लागला. बेकायदा काही नाही. कार्बन कराची गोष्ट मात्र तिथे संपली होती.

एक कल्पना करून बघायला हरकत नाही. २०२४-२५ मध्ये देशात शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. टनाला चारशे म्हणजे वर्षाला चाळीस हजार कोटी. एकशे चाळीस कोटी लोकांत सारखे वाटले तर डोक्याला २८५ रुपये, पाच माणसांच्या घराला चौदाशेच्या आसपास. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराच्या विजेतून वर्षभरात वसूल होतात ३३६ रुपये. सिमेंट, लोखंडाच्या किमतीतून आणखी काही जात असतील, पण गरीब घर तरीही फायद्यात राहतं, कारण वीज आणि सिमेंट जास्त वापरतो तो श्रीमंत, आणि परतावा सगळ्यांना सारखा. कराचा इशारा तसाच राहतो आणि बोजा हलका होतो. अर्थशास्त्रज्ञांची ही अत्यंत लाडकी योजना आहे. पण रक्कम बघा. लाडक्या बहिणीच्या एका महिन्याच्या हप्त्यालाही ती पाऊणशे रुपये कमी पडते, आणि मिळणार वर्षातून एकदा.

ही योजना कॅनडाने खरंच करून पाहिली. २०१९ पासून इंधनावर टनाला २० कॅनडी डॉलर, वाढत वाढत एप्रिल २०२४ मध्ये ८०. पेट्रोलच्या लिटरला साडेसतरा सेंट. जमा होणाऱ्या रकमेतला बहुतेक, सुमारे नव्वद टक्के भाग दर तिमाहीला थेट घरोघरी परत. ओंटारिओत चार जणांच्या कुटुंबाला २०२४-२५ मध्ये १,१२० डॉलर मिळायचे. बहुतेक घरांना इंधनावर भरलेल्यापेक्षा जास्त.

माझी एक मावसबहीण ब्रॅम्प्टनला असते. तिला विचारलं, तर कराबद्दल ती पाच मिनिटं बोलली. पेट्रोल पंप, हिवाळ्यातलं गॅसचं बिल, त्यावर वेगळ्या ओळीत छापलेला आकार. परतावा मिळतो का म्हटलं तर, "येतं काहीतरी अकाउंटला." बँकेच्या नोंदीत ते काय म्हणून येतं हे तिला सांगता आलं नाही, आणि ती एकटी नव्हती. सरकारने योजनेचं नावही मध्येच बदललं. कर दर आठवड्याला पंपावर भेटायचा, परतावा तीन महिन्यांनी मुका येऊन जायचा. विरोधकांनी 'कर तोडा' ही एकच घोषणा धरून ठेवली. मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले. हे गृहस्थ दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे प्रमुख राहिलेले, कार्बन दामाचे जुने पुरस्कर्ते. त्यांनी पहिल्याच दिवशी सही करून १ एप्रिलपासून तो कर शून्यावर आणला. उद्योगांवरचा दाम ठेवला. तो ग्राहकाला दिसत नाही.

तर एका बाजूला आपला उपकर. कोणालाच दिसला नाही म्हणून टिकला, आणि कोणालाच दिसला नाही म्हणून त्याचे पैसे कुठे गेले हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या बाजूला कॅनडाचा. दिसला, परतही मिळाला, आणि गेला.

आपलाही पुढे टिकला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा उपकर रद्द झाला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. बातम्यांत 'कर सुटसुटीत झाला' एवढंच आलं. पण टनावर लागणारा कर किमतीवर लागू लागला की काय होतं ते बघा. हलक्या प्रतीचा, राखेचा कोळसा समजा टनाला १,५०० रुपये. आधी त्यावर जीएसटी ७५ अधिक उपकर ४००, एकूण ४७५. आता २७०. चांगला कोळसा ४,००० रुपयांचा. आधी ६००, आता ७२०. जास्त राखेचा माल स्वस्त झाला, चांगला महागला. सपाट उपकर हलक्या, स्वस्त कोळशावर जास्त भारी पडतो, अशी सरकारची बाजू होती, आणि किमतीच्या टक्केवारीत पाहिलं तर ती बरोबरच आहे. पण उष्मांकाच्या हिशोबात हलका कोळसा जास्त जाळावा लागतो, म्हणून तर तो भारी पडायला हवा होता.

त्याहून बारीक गोम आयटीसीत आहे, म्हणजे कच्च्या मालावर भरलेला कर आपल्या मालावरच्या करातून वजा करायच्या सोयीत. आधीचा भरपाई उपकर सिमेंटवाल्याला आपल्या जीएसटीतून वजा करता येत नव्हता, चारशेचे चारशे अंगावर पडायचे. आता कोळशावरचा १८ टक्के जीएसटी त्याला सिमेंटवरच्या जीएसटीतून पूर्ण वळता करता येतो. म्हणजे त्याच्यापुरता कोळशावरचा कर चारशेवरून शून्य. विजेवर जीएसटीच नाही, म्हणून वीज केंद्राला ही सोय नाही, त्याच्यावर तो राहिला. कराचा कागद एक, पण खवखव कोणाला होते ते सीएला विचारल्याशिवाय कळत नाही.

परमिटचा बाजार

दाम लावायची दुसरी तऱ्हा आहे. सरकार दर ठरवत नाही, धुराचा एकूण कोटा ठरवतं आणि त्याची परमिटं काढतं. ज्याला कमी लागतात तो विकतो, ज्याला जास्त लागतात तो घेतो, भाव बाजारात ठरतो. कर लावला की दाम पक्का आणि धूर अनिश्चित, कोटा लावला की धूर पक्का आणि दाम अनिश्चित. मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ साली कुठे काय परवडतं हे गणिताने दाखवलं, आणि वाद अजून चालू आहे.

ज्यांनी मुंबई-पुण्यातली रिक्षाची परमिटं पाहिली आहेत त्यांना हा बाजार समजावून सांगायला नको. परमिटं मोजकी होती तोवर त्यांना वरकड भाव होता. ती खुली झाली आणि भाव गेला. युरोपने २००५ मध्ये कार्बनचा बाजार सुरू केला तेव्हा नेमकं हेच झालं. उद्योगांनी गरज फुगवून सांगितली, सरकारांनी फुकट परमिटं वाटली. खरा धूर मोजल्यावर कळलं की गरजेपेक्षा परमिटंच जास्त आहेत. त्यातच पहिल्या टप्प्यातली परमिटं पुढच्या टप्प्यात चालणार नव्हती. २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्य. पुढे मंदी आली, कारखाने थंडावले, पुन्हा साठा फुगला. २०१९ पासून जादा परमिटं बाजारातून काढून ठेवायची यंत्रणा आल्यावर भाव चढले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभर युरोला शिवले. बाजारात असलेल्या क्षेत्रांचा धूर २००५ च्या तुलनेत २०२३ पर्यंत ४७ टक्क्यांनी घटला होता. सगळं श्रेय बाजाराचं नाही, पण बरंचसं आहे.

ह्या बाजाराचा एक हात जानेवारी २०२६ पासून आपल्याकडे पोचला आहे. युरोपात जाणारं पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्यावर सीमेवर कार्बनचा आकार लागू झाला. त्यात नट-बोल्टसुद्धा आहेत, आणि ते आपल्या पुणे-नाशिककडच्या लघुउद्योगांतही बनतात. भट्टीच्या पोलादाचा टनभर बोल्ट, त्यामागे अडीच टन वायू, ७५ युरोचा भाव धरला तर १८७ युरो. एवढा बोजा लगेच नाही. युरोपच्या कारखान्यांना मिळणारी फुकट परमिटं जशी कमी होतील तसा तो वाढेल आणि २०३४ मध्ये पूर्ण होईल. मायदेशी कार्बनचा दाम भरला असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे तो पैसा दिल्लीला द्यायचा की ब्रुसेल्सला, एवढाच पर्याय. चारशे रुपयांचा उपकर ज्या हिवाळ्याच्या तोंडावर आपण काढला त्याच हिवाळ्यात हे सुरू झालं. अर्थात 'भरपाई उपकर' नावाची पाटी लावून तो कार्बनचा दाम आहे हे तिकडे पटवणं अवघडच गेलं असतं.

माणशी वर्षाला दोन टन वायू सोडणाऱ्या देशाकडून सीमेवर हे पैसे घेणं कितपत न्याय्य, हा प्रश्न खरा आहे. अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास सोडतो. पण युरोपचा खरेदीदार आता न्याय विचारत नाही, प्रमाणपत्र विचारतो.

राखेचा ट्रक

आपलं उत्तर म्हणजे कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम. २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला, २०२३ मध्ये योजना आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) आणि कागद ह्या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना उद्दिष्टं दिली गेली. युरोपसारखा एकूण धुराचा कोटा इथे नाही. टनभर मालामागे किती वायू, एवढं बघायचं. उद्दिष्टाहून कमी सोडला तर प्रमाणपत्र मिळतं, जास्त सोडला तर विकत घ्यायचं, घेतलं नाही तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई.

फरक सिमेंटच्या गोणीवर मोजू. पन्नास किलोच्या गोणीमागे साधारण तीस किलो वायू निघतो. वायूचा भाव समजा टनाला ८०० रुपये. पूर्ण कर असता तर गोणीला २४ रुपये लागले असते. आपल्या योजनेत उद्दिष्ट पाच टक्क्यांनी चुकलं तर दीड किलोचे पैसे, म्हणजे १ रुपया २० पैसे. घर बांधणाऱ्याला ते जाणवणारही नाही. म्हणूनच ही योजना राजकारणात टिकेल, आणि म्हणूनच सिमेंट कमी वापरा असं ती कोणाला सांगणार नाही. पण कारखान्याच्या आत इशारा पूर्ण ताकदीचा आहे. वाचवलेल्या प्रत्येक टनाला ८०० रुपये पूर्ण मिळतात. वाढत्या देशासाठी ही तडजोड मला मान्य आहे. मान्य नाही ती एकच गोष्ट, कोळशावरची वीज केंद्रं ह्या यादीत नाहीत. सर्वांत मोठी चिमणीच बाहेर.

शिवाय उद्दिष्टं ढिली असली तर परमिटाचं जे युरोपात झालं ते इथेही होईल. मोजमाप चोख असेल तर मात्र बाजार आपल्याकडे चालतो हे सुरतेने दाखवलं आहे. तिथे २०१९ पासून तीनशेच्या आसपास कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवून धुळीच्या कणांची परमिटं विकायला काढली, आणि प्रदूषण वीस ते तीस टक्क्यांनी घटलं. खानदेशातून तिथे पोटासाठी गेलेली हजारो माणसं तीच हवा घेतात.

पुन्हा चंद्रपूरला येऊ. दुर्गापूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, रोज राखेचे डोंगर. तिथून पन्नासेक किलोमीटरवर गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटच्या भट्ट्या. सिमेंटमधला निम्म्याहून जास्त वायू कोळशातून निघत नाही, तो चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच सुटतो. त्यामुळे सौर पॅनेल लावून तो जात नाही. जातो तो क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा, दळून सिमेंट करायचा भाजलेला माल, कमी करून, आणि क्लिंकरच्या जागी उडती राख चालते, पोर्टलँड पोझोलाना ह्या राख मिसळलेल्या सिमेंटात पस्तीस टक्क्यांपर्यंत. टनभर राख म्हणजे टनभर क्लिंकर वाचलं, म्हणजे सुमारे ०.८५ टन वायू वाचला. ८०० च्या भावाने ६८० रुपये.

राख आधीपासूनच जाते, क्लिंकरपेक्षा स्वस्त पडते म्हणून. तिला अडवतं ते ट्रकचं भाडं. टन-किलोमीटरला साडेतीन रुपये धरले तर ६८० रुपयांत ती नेहमीच्या पल्ल्यापेक्षा आणखी दोनशे किलोमीटर जाऊ शकते. प्रमाणपत्राचा भाव २०० वर आला तर हाती येतात १७०, आणि ट्रक पन्नास किलोमीटरवर थांबतो. गडचांदूरला तो तसाही जात होता.